चतुर्थीच्या दिवशी चंद्रावर

सीवूड्स, नवी मुंबई
गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय साडूभाऊ स्वानंदराव,

मधुकरचा उभ्याउभ्याच साष्टांग नमस्कार (वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे). तुमचा दमा कसा आहे? स्मिताताईंचे गुडघे? इकडे अरुणा ठणठणीत आहे आणि मी चंद्रावर जाऊन आलो.

हसू नका. यंदा आमच्या सोसायटीच्या गणपतीत पहिल्या चांद्रवीरांचा देखावा होता (गेल्या वर्षी शेजारच्या सोसायटीने केदारनाथ केलं, त्याहून उंच काहीतरी हवंच होतं). माणूस चंद्रावर गेलाच नाही, सगळं स्टुडिओतलं शूटिंग, असं मी दर दिवाळीत तुमच्याशी भांडत आलोय. पण आर्मस्ट्राँग म्हणून माझीच निवड झाल्यावर तत्त्व किती ताणायचं? नात जाईने तर वर्गभर सांगून टाकलं की पहिले माझे आजोबा उतरणार. आणि आयत्या वेळी चेअरमन प्रसाद कदमांना चंद्र हवासा झाला! सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती ना. मला कॉलिन्स केलं. म्हणजे दोघे चंद्रावर फिरून आले तरी जो वर यानातच बसून राहिला, तो. अहो, ऑफिसात जन्मभर मी दुसरं काय केलं? जाईचे डोळे भरले. "म्हणजे तुमी उतरणारच नाय?"

बाप्पापुढे पादत्राणं चालत नाहीत, सबब अंतराळवीर अनवाणी. आर्मस्ट्राँगने डावा पाय आधी टेकवला होता, पण नव्या जागेत उजवाच टाकायचा, असं अरुणाने साऱ्यांना बजावलं. चतुर्थीची संध्याकाळ, मंडप गच्च, प्लायवूडचा चंद्र लखलखतोय, त्याच्या पायथ्याशी आरतीचा नैवेद्य मांडलेला. कदम शिडीवर चढले, तेवढ्यात त्यांच्या मातोश्री गोजराबाई पहिल्या रांगेतून ओरडल्या, "आरं परसाद, आज चवथ हाय! आज चंद्र बघितला की चोरीचा आळ येतोय!"

महिनाभर मीटिंगा झाल्या, चंद्राच्या रंगावरून दोघांचा अबोला झाला, पण चतुर्थीला चंद्र बघत नाहीत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! कदम तसेच मागे फिरले. निवडणुकीच्या तोंडावर आळ कोण घेईल (टाकीच्या पंपाचं प्रकरण अजून ताजं आहे)? दुसरा चांद्रवीर, आमच्या वरच्या मजल्यावरचा अभय, त्याच्या पोटात अचानक दुखू लागलं. म्हटलं मधुकर, हीच वेळ! यानातून निघालो, शिडी उतरलो आणि टेकवला उजवा पाय. चंद्राची माती मऊ असते, पाय रुततो, असं तुम्ही सांगायचात ते खरं निघालं. किंचित कोमटही लागली. आर्मस्ट्राँगचं पाठ केलेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं. टाळी नाही. बघतो तर अख्खा मंडप माना खाली घालून, डोळे मिटून बसलेला! जाईच्या डोळ्यांवर अरुणाचे दोन्ही हात.

आता कदम सांगत सुटलेत की काका यानातच बसून होते, वाक्य आतूनच बोलले. सोसायटीच्या ग्रुपवर लोक पुरावा मागतात. मी चंद्रावर गेलोच नाही म्हणे! एवढा संताप येतो, स्वानंदराव, की सांगून सोय नाही. आणि काल झोपताना जाईनेही हळूच विचारलं, "आजोबा, खरंच उतरलात?"

स्मिताताईंना नमस्कार.

आपला,
मधुकर

ता. क. : जाईचा तुमच्या शब्दावर फार विश्वास (विज्ञानाचे मास्तर पडलात ना). तिला फोन करून ठासून सांगा की आजोबा उतरले. त्या बदल्यात आर्मस्ट्राँग गेला होता हे मला कबूल. दिवाळीत सगळ्यांसमोर म्हणेन.

ता. क. दुसरा : फोन करण्याआधी एक कानावर घालतो, अरुणाला कळू देऊ नका. आळाच्या भीतीने उतरताना मीही डोळे गच्च मिटले होते. उघडले तेव्हा पाय चंद्राच्या अलीकडे, मोदकांच्या ताटात होता. मोदक चेपल्याचा आळ सोसायटीच्या बोक्यावर आलाय. त्याने बिचाऱ्याने चंद्र बघितला असणार.