फलाट क्रमांक तीन

सोमवार, ३ नोव्हेंबर
चिंबोरपाडा स्टेशनात उद्घोषक म्हणून रुजू झाले! लातूरहून निघताना वाटलं होतं, कुठे जाऊन पडतेय. पण जागा झकास आहे. दोन फलाट, एक पूल, चहाची टपरी आणि टोकाला खाडी. माझ्या खोलीत माईक, खुर्ची आणि फलाटाकडे उघडणारी खिडकी. स्टेशन मास्तर वामनराव सज्जन वाटले. दातिवऱ्याची हिराबाई सुक्या बोंबलांची टोपली घेऊन खिडकीखालीच दुपारच्या डहाणू गाडीची वाट बघते. आल्या आल्या तिने मला मूठभर जवळा दिला. आपलं जमणार इथे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
भर दुपारी, माईक बंद असताना घोषणा झाली: फलाट क्रमांक तीनवर गाडी येत आहे. आवाज माझा! हेलसुद्धा माझाच. बाकावरचा एक माणूस पिशवी तिथेच टाकून उठला आणि सरळ खाडीकडे चालू लागला. हिराबाईने धावत जाऊन त्याचा दंड धरला, तेव्हा तो भानावर आला आणि रडायला लागला.
मग ती खिडकीशी आली. म्हणाली, "बाय, तीन नंबर हितं नायच. कोन पन पुकारू दे, उटायचा नाय."
वामनरावांनी नजर चुकवली. आधीची मुलगी बदली घेऊन गेली, तूही घे, म्हणाले. मी का घेऊ? आवाज माझा आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर
भोंगे उतरवले, तारा तोडल्या. तरी घोषणा झाली, आणि आज नाव घेऊन. मासवणचा बुधा, बोईसरला कारखान्यात जाणारा. आम्ही धावलो, पण पोचलो नाही. चिखलात पावलं पाण्यापर्यंत गेलेली. परतीची नाहीत.
वामनरावांनी माझ्या बदलीचा अर्ज स्वतःच लिहून आणला. मी फाडला. माझ्या गळ्याने माणसं न्यायची आणि मी गावी जाऊन बसायचं?

बुधवार
नुसत्या तोंडाने ओरडून पाहिलं. ते जे काही आहे, त्याने 'चला' म्हटलं की मी 'बसा!' लोक थांबले! थांबले!

गुरुवार
घसा बसलाय. आता हिराबाई ओरडते. तिचा आवाज त्याला काढता येत नाही.

शुक्रवार
आज त्याने हिराबाईचं नाव घेतलं. टोपली ठेवून ती निघाली — मी कमरेला मिठी मारून तिला खाली पाडलं. दोघींची ढोपरं फुटली. वाचली ती. मग ते हसलं. माझंच हसू.

शनिवार
आज माझं नाव. वर्षाराणी, वर्षाराणी — हिराबाईने मला लुगड्याने खुर्चीला बांधलंय. उजवा हात मोकळा ठेवायला मीच सांगितलं. लिहितेय तोवर मी माझी आहे. पाय ओढले जातायत. ओढ किती ओढायचंय ते.
पाणी फलाटावर चढतंय — पाण्यात दिवा दिसतो, गाडीचा — हिराबाई ओरडतेय — गाठ सुटतेय — सुटू दे, टेबल धरलंय — ऐक, पुकार हवं तितकं, वर्षाराणी उठणार ना