बेंबीवर बांधलेलं फडकं

माय, माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, नागपूरला. बेंबीपाशी आतून जाळी बसवली आहे. टाके कोरडे आहेत आणि मला काहीच वाटत नाही. आधी वाटलं, औषधाची गुंगी असेल. औषधं संपली, तरी तसंच आहे. पांढुर्ण्याच्या माझ्या शाळेतल्या बाया भेटून गेल्या. म्हणाल्या, बाई मोठी धीराची. म्हणोत बिचाऱ्या.

तुझी बेंबीही अशीच फुगून बाहेर आली होती, लिंबाएवढी. तू शेताच्या धुऱ्यावर आडवी होऊन तळव्यानं दाबायचीस, गुडगुड वाजून ती आत जायची. मग वर सुपारी ठेवायची आणि कापूस वेचायचं फडकं त्यावर आवळून घ्यायचं. तुझे हात मागे पुरत नसत, म्हणून रोज सकाळी गाठ मी मारायची. सौसरला दाखवू म्हटलं की तुझं ठरलेलं, "त्या बाप्या डॉक्टरले पोट दाखवू का आता? बेंबी सरकली आहे, बसन जागेवर." सुपारीवर तुझा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास. तिला फी नाही आणि ती सुई टोचत नाही, म्हणायचीस.

त्या शुक्रवारी बोरगावच्या शेतात ती आत जाईना. दगडासारखी कडक झाली होती. दुपारपर्यंत तू दोनदा ओकलीस. "गॅस झाला असन. कस वं अजून, गाठ ढिली होऊन राहिली," म्हणालीस. मी तुझ्या पाठीला गुडघा लावून फडकं ओढलं. तू कण्हलीस, तरी ओढलं. संध्याकाळी पोट फुगलं, तेव्हा कुठं बाबांना कळलं. सौसरहून तुला नागपूरला हलवलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणलं ते झाकूनच.

इतकी वर्षं मी धरून चालले की तू माझ्या गाठीनं गेलीस. परवा टाके तपासताना डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या शांतपणे सांगत होत्या, मी छताचा पंखा बघत होते. पोटाच्या भिंतीला भोक पडतं, त्यातून आतडं बाहेर येतं. आत जातं तोवर वेळ असतो. अडकलं, कडक झालं, उलट्या लागल्या, की त्याचं रक्त थांबतं आणि ते सडू लागतं. मग दाबायचं नाही, बांधायचं नाही, तडक ऑपरेशन. "फडक्यानं त्रास वाढला असेल," त्या म्हणाल्या, "पण खरा घात उशिरानं केला. दुपारीच आणलं असतं, तर बहुतेक वाचल्या असत्या." घरी कोणाला लवकर कळलं नव्हतं का, असंही त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

हे पत्र कुठं टाकणार, माझ्या फाईलमध्येच राहील. पण बाबा त्या दुपारी शेजारच्याच वावरात होते, माय. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मैत्रिणींबरोबर जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचं ठरलं होतं. तू आजारी निघालीस तर मला कोणी जाऊ देणार नाही, म्हणून मी हाक मारली नाही.