लाकूड फुगेपर्यंत

२० फेब्रु., शुक्र.
परत पॉलिश पेपर. परत तीच बोटीच्या खिडकीची चौकट. बोटांची सालं निघाली पण महोगनीवरचा काळा थर निघंना. रशीदचाचा म्हणतात रेषेच्या दिशेनं घास, आडवं घासलंस तर ओरखडा जन्मभर राहतो. रेषेनंच घासत होतो. मधे पत्र्यावर माकड आलं, ते बघायला बाहेर गेलो, आल्यावर आडवं घासलं असणार. चाचांनी बघितलं. रोज्यात शिव्या देत नाहीत. नुसतं माझ्या गावाच्या नावानं "ए मंगळवेढा" म्हणाले. त्यापेक्षा शिवी बरी.

दुपारनंतर बुडाच्या फळ्यांमधल्या फटीतला कापूस काढला. खिळ्यानं खरवडून. काळा, तेलकट. टॉवेलच्या कारखान्यामागची शेड ही, इथं जेवणाच्या डब्यातसुद्धा कापूस असतो. पोतंभर निघाला, पेटवून दिला.

२२ फेब्रु., रवि.
सुट्टी, तरी इकडंच आलो. खोलीवर करायचं काय.

एकटा बोटीत बसलो. कारखान्याचे मालक अण्णा तिला यॉट म्हणतात, बाकी सगळी एमआयडीसी होडी म्हणते. अण्णांच्या वडलांनी मुंबईला लिलावात घेतली, ट्रकवर घालून सोलापूरला आणली आणि पाण्यात कधी घातलीच नाही. रविवारी आत बसून पेपर वाचायचे म्हणे. ते गेले, मग वर टॉवेलचे गठ्ठे पडले.

केबिनचं दार बघत बसलो. वेल कोरलीय, पटाशीनं, हातानं. दोन पानं सारखी नाहीत. ड्रॉवर मागं निमुळते होत जातात कारण बोटच तशी वाकडी. चाचांनी जन्मभर पलंग अन् दरवाजे केले, सगळा कारभार काटकोनाचा. पहिल्या दिवशी गुण्या लावायला जागा शोधत होते. सापडली नाही तेव्हा म्हणाले, "जिसने बनाया उसकू सीधी लकीर आतीच नहीं थी क्या." आता तिच्यावरून हात फिरवताना कुणी बघत नाही असं त्यांना वाटतं.

२७ फेब्रु., शुक्र.
अण्णा आले. रोज येऊन तेलुगूत एकच विचारतात, "ऐतदा?" होईल का. चाचा मान हलवतात, मी पण हलवतो.

आज जरा बसले. हायवेवरचा हॉटेलवाला मागं लागलाय. त्याला ही गार्डनमध्ये ठेवून आत फॅमिली रूम करायचीय. बुडाला सिमेंटचा चौथरा, वर एसी. अण्णांचं मन होत नाही पण शेड मोकळी करायचीय. म्हणाले, तरंगली तर उजनीच्या बॅकवॉटरला नेऊ, पक्षी बघायला लोक येतात त्यांना फिरवू. नाही तरंगली तर हॉटेल.
"आणि चालवणार कोण?" चाचांनी विचारलं.
"हाच की. तारकर्लीला होता न्हवं."

होतो. एक सीझन, वॉटर स्पोर्ट्सवाल्याकडं. अण्णांना तेवढं पुरे आहे.

आईला फोन केला. बोटीवर नोकरी लागणार म्हटलं.
"कुटं, मुंबईला?"
"सोलापूरला."
मग म्हणाली, "सोमा, जेवलास का तू?"

मला ही बोट चालवायचीय. लिहून ठेवतो, कारण आठ दिवसांनी मलाच आठवत नाही मला काय पाहिजे होतं.

४ मार्च, बुध.
पितळी बिजागऱ्या आणायला चाचांनी मैंदर्गीला पाठवलं. त्यांच्या ओळखीचा भंगारवाला. बिजागऱ्या तासाभरात मिळाल्या. परतीची एसटी चुकली. वेशीबाहेर धनगरांचा तळ, मेंढरांची लोकर कातरणं चाललेलं. बघत उभा राहिलो तर म्हाताऱ्यानं कन्नडमध्ये काहीतरी म्हणून एक मेंढरू माझ्या हातात दिलं. धरलं. मग दुसरं.

७ मार्च, शनि.
अजून हितंच. रात्री भाकरी, काळा चहा, थंडीला घोंगडं. उद्या ते पुढं हलणार. म्हातारा म्हणतो चल. त्याच्या सुनेला मराठी येतं, ती म्हणाली, "मामा तुमाला कुत्र्याच्या बदली नेत्यात." आमच्या तळावरचं कुत्रं मेलं परवा.
बिजागऱ्या पिशवीत आहेत. जायला पाहिजे.

९ मार्च, सोम.
शेडमध्ये आलो. चाचा खुशीत होते, मला ओरडायचंसुद्धा विसरले. "आ, हात लगा." बुडाच्या फळ्यांवरून हात फिरवायला लावला. एक फट नाही. मी नव्हतो तेवढ्या दिवसांत प्रत्येक फटीच्या मापाची लाकडाची पट्टी कापून, सरस लावून ठोकून बसवली होती. पुढपासून मागपर्यंत. रोज्यात. रंधा मारून वर पॉलिशचा एक हात.
"नाखून डालके दिखा."
नख जात नव्हतं.

मी छान म्हणालो. मग आठवलं. तारकर्लीला एक म्हातारा नाखवा होता, वाळूत पालथ्या घातलेल्या होडीपाशी दिवसभर बसून फळ्यांच्या फटीत सूत ठोकायचा. त्याला विचारलं होतं, फट बुजवून का नाही टाकत. म्हणाला होता, पाण्यात लाकूड फुगतं, त्याला जागा नको होय.

म्हणजे आपण खिळ्यानं काढून पेटवला तो टॉवेलचा कापूस नव्हताच.

१० मार्च, मंगळ.
चाचांना सांगितलं. सांगायला नको होतं, निदान असं नको होतं. नमाजाहून आले अन् लगेच.
"फट रखने का? सुतारानं?"
"होडीत ठेवतात, चाचा. सुतानं भरतात."
"तू उधर क्या करता था बोल."
"लाइफजॅकेट वाटायचो."
"हां. तो वाट."
नंतर दिवसभर माझ्याकडं पाठ करून केबिनचं दार घासत होते.

१३ मार्च, शुक्र.
बोलणं नाही. हुबळीच्या ट्रकमध्ये बसणार होतो, नाक्यापर्यंत गेलोही. ट्रकवाल्याचा चहा संपेना. समोर एकजण जुनी जीप ढकलत होता, त्याला हात लावला, ती चालू झाली, ट्रक गेलेला.

संध्याकाळी अण्णांना गाठलं. म्हणालो, उजनीला न्यायच्या आधी तिला इथंच पाणी पाजून बघू. आज ना उद्या भिजणारच. इथं कळलेलं बरं. चाचाही म्हणाले, हो, बघूच. माझ्याकडं न बघता.

१६ मार्च, सोम.
टँकर आला. बोटीच्या आत डागी चादरी अंथरल्या, त्या भिजत ठेवायच्या, बाहेरून बुडाला ओले टॉवेल गुंडाळायचे. तापातल्या माणसासारखी दिसत होती.

पाइप आत सोडला न सोडला तोच मागच्या वस्तीतल्या बायका घागरी घेऊन हजर. त्यांच्या नळाला चार दिवस झाले पाणी नाही.
"बोटीला पाणी हाय अन् आमाला न्हाय व्हय?"
अण्णा म्हणाले, "तसं न्हाई अक्का, ते लाकूड…"
"मग आमाला बी घ्या की आत बसवून. आमी बी वाळलोय."
दुसरी म्हणाली, "हिला नेऊन कुटं घालणार?"
"उजनीत."
"मग तितंच पाजा की. तितलंच पाणी आणून हितं पाजताय आन परत तितंच नेताय."
आधी घागरी भरल्या, उरलेला निम्मा टँकर बोटीला. चाचा स्वतः पाइप धरून घागरी भरून देत होते. ओठ सुकलेले. एका बाईनं तांब्या पुढं केला, त्यांनी हातानंच नको म्हटलं.

१९ मार्च, गुरु.
पाडवा. गाठीची माळ खात खात आलो, चादरींवर पाणी मारायला. चाचा आधीच आलेले.

दुपारी आवाज आला. टक्. खारीक फोडल्यासारखा. दोघंही थांबलो. परत टक्.
खाली वाकून बघितलं. बुडाची एक फळी पुढं आली होती, पोट आल्यासारखी. स्क्रू लाकडातून अर्धा वर. शेजारचीही निघालीय. पट्ट्यांनी कुठं जागाच ठेवली नव्हती, फळ्यांनी एकमेकींना बाहेर ढकललं.

आत्ता बरोबर ठरायची मला जराही हौस नव्हती. चाचांनी त्या फळीवर तळवा ठेवला, दाबून बघितलं. मग चप्पल घालून गेले. नमाजाची वेळ झालेली नव्हती.

संध्याकाळी अण्णा. "ऐतदा?"
उजनीचं पाणी मागं सरकायला लागलंय म्हणाले. खालचा चिखल उघडा पडला की ट्रेलर उतरणार नाही, मग थेट पावसाळ्यानंतर. तोवर हॉटेलवाला थांबत नाही.

२१ मार्च, शनि.
ईद. जावं की नाही करत चाचांच्या घरी गेलो. शीरखुर्म्याच्या दोन वाट्या झाल्या. निघताना दारापर्यंत आले. दार त्यांनीच केलेलं. त्याच्या फळीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "सुतारकू फट दिखी तो नींद नहीं आती रे. बाप ने वैसाच सिखाया."
मी हूं म्हणालो.
"वो तेरा नाखवा. सूत किससे ठोकता था?"
"बोथट पटाशीनं. वरून राळ अन् तेल."
"बोथट." हसले. "मेरे पास बोथट कुछ नहीं. एक करना पडेगा."

२४ मार्च, मंगळ.
बसवलेल्या पट्ट्या कापून काढायला सुरुवात. चाचांनी करवत माझ्या हातात दिली.
"तू काट. मैं उधर हूँ."
उधर म्हणजे केबिनमध्ये, दार लावून. आतून पॉलिश पेपरचा आवाज येत होता, माझी करवत थांबली की तोही थांबायचा. त्यांनी इतक्या जिवानं बसवलेल्या पट्ट्या, सरळ निघंनात. तुकडे तुकडे होऊन आल्या. एका जागी करवत घसरली, मूळ फळीला ओरखडा. आडवा. आतून, "क्या हुआ?"
"काही नाही."
"दिखा."
आले, बघितलं. "रहने दे," म्हणाले. "पानी में कौन देखता."
चाचांच्या तोंडून हे ऐकवलं नाही.

२८ मार्च, शनि.
बाहेर आलेल्या फळ्या चाचांनी परत आवळून बसवल्या. आता सूत. अण्णांच्या मागाचंच, टॉवेलचं. पदर एकत्र पिळून वात करायची, फटीत घालायची, बोथट पटाशीनं ठोकायची. फार घट्ट नाही, फार सैल नाही. म्हणजे किती, ते नाखव्याला विचारलं नव्हतं. तेव्हा तो सांगत असताना मी बहुतेक डॉल्फिन बघायला उठलो होतो. चाचा विचारतात, "इतना?" मी म्हणतो, इतकंच. अंदाजानं. त्यांचा हात माझ्या अंदाजावर चाललाय. याची भीती वाटते.

मन लागत नाही. एका फटीला उठतो, दुसऱ्या फटीला पाणी पितो. होस्पेटहून मित्राचा फोन, तिकडं गेस्ट हाऊसला माणूस पाहिजे, डोंगर आहेत, नदी आहे, फॉरेनर येतात. कळवतो म्हणालो.

३१ मार्च, मंगळ.
ठोकून झालं. राळ लावली. हातांचा वास जात नाही. चाचांनी बुडाकडं एकदा बघितलं, सगळीकडं सुताच्या रेघाच रेघा. म्हणाले, "गोधडी दिखती." पण मग केबिनच्या दारावरच्या वेलीला पॉलिशचा शेवटचा हात त्यांनीच दिला. दुपारच्या उन्हात महोगनी अशी लाल दिसली की कारखान्यातले लोक जेवण सोडून आले.

३ एप्रिल, शुक्र.
सकाळी ट्रेलरवर घातली. रस्त्यात लोक मोबाइल काढून उभे. टोलनाक्यावरच्या माणसाला कुठल्या गाडीत धरावं कळंना.

उजनीचा काठ. पाणी लांब गेलंय, पण पुरत होतं. क्रेननं उचलून ठेवली. अण्णांनी नारळ फोडला. ती पाण्यावर बसली, जरा हलली, अन् मला काय झालं माहीत नाही, मी पळत जाऊन आत उडी टाकली.

आत पाणी येत होतं. सगळीकडून. सुताच्या प्रत्येक रेघेतून घाम आल्यासारखं.

अण्णा काठावरून बघत होते. त्यांना सांगितलं, पहिल्यांदा येतंच, लाकूड फुगलं की फटी आपोआप मिटतात. नाखवा असं म्हणाला होता. म्हणजे म्हणाला असावा. पंप लावला.

४ एप्रिल, शनि.
पंप पहाटे बंद पडला, तेव्हापासून बादली. मी अन् चाचा. चाचांना पाण्याची भीती, काल फळीवरून आत येताना माझा दंड इतका धरला की वळ उठलाय. आता पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन आतच बसलेत. फळ्यांना हाताची मागची बाजू लावून बघतात, पोराचा ताप बघतात तशी.

"कम हुआ क्या?" मी.
"तू बोल. तू समंदरवाला."

मला कमी वाटतंय. मघाशी पाणी केबिनच्या पायरीला टेकलं होतं, आता टेकत नाही. पण मघाशी आम्ही दोघं पुढं बसलो होतो, आता मागं आहोत. त्यानंही फरक पडत असेल.

पुढच्या दोन फटी तरी नक्की मिटल्यात. बोट फिरवलं, कोरडं लागलं. परत फिरवलं नाही.

अण्णा काठावर छत्री घेऊन. हॉटेलवाल्याचा फोन येऊन गेला. क्रेन संध्याकाळपर्यंत थांबणार, मग एक तर क्रेन एकटी परत जाणार, नाहीतर बोटीला घेऊन. अण्णांनी तिथूनच हात हलवून विचारलं. आवाज आला नाही पण काय विचारलं ते कळलं. चाचांनी मान हलवली नाही. मीही नाही.

होस्पेटवाल्याचा फोन वाजून थांबला. हात ओले होते. पाय मोकळे करायला उठलो तर चाचा म्हणाले, "जारा क्या?"
"नाही. पाय आखडले."
"हौ. मेरे बी."

दारावरची वेल आतल्या पाण्यात उलटी दिसतेय. एक पान हलतंय, म्हणजे वारा सुटलाय.

बसून हे लिहितोय तर चाचांनी बादली माझ्याकडं सरकवली. माझी पाळी.