स्वयंपाकघरातून शिकलेलं इंग्रजी

हिंगोली,
रविवार, १४ डिसेंबर

सौ. वासंतीस,

'अनेक आशीर्वाद' लिहिणार होतो, पण आशीर्वाद द्यायच्या जागेवर मी सध्या नाही. म्हणून नुसतं विचारतो, तब्येत कशी आहे?

इकडे ठीक, म्हणजे चाललंय. थंडी कडाक्याची आहे. कुकर कितव्या शिट्टीला उतरवायचा हे अजून समजत नाही, त्यामुळे वरण कधी कच्चं, कधी पार लगदा. परवा गोजरबाई दूध घालताना म्हणाली, "सर, बाई काहून येऊन नाही राहिल्या? दीड महिना झाला की!" म्हटलं, हवापालटाला गेल्यात. तर म्हणते, "औंढ्याची हवा अन् हिंगोलीची हवा काय येगळी हाय व्हय?" या बाईला गप्प बसणं माहीतच नाही.

फोन तू उचलत नाहीस. काल तुझ्या दादाचा आला. "वासंती म्हणते, आता मी इथंच राहते. सरांना उगी तकलीफ नको." एवढं बोलून, देवळात आरतीला जायचंय म्हणून त्यांनी ठेवून दिला. थकलोय ग मी. स्वयंपाकानं नाही.

मागच्या रविवारी केतकी परभणीहून आली होती. तिला मी सांगत होतो, ऑगस्टात तोंडावरून वारं गेल्यापासून आईची चिडचिड वाढली. ओठ एका बाजूला ओढला गेलाय, डावा डोळा मिटत नाही, माणूस चिडणारच. नांदेडला दाखवू, डॉक्टर बदलू, असं बरंच बोललो. ती पोळ्या लाटत ऐकत होती. मग लाटणं ठेवून म्हणाली, "बाबा, आईला इंग्रजी कळतं."

मी हसलो. सातवी झालेली बाई, असं काहीतरी बोललोही.

"माझे बारावीचे निबंध कोणी ऐकले मग? तुम्ही अंगावर यायचात, म्हणून मी आईला वाचून दाखवायचे. चुका सांगायची ती! बैठकीत तुमची ट्यूशन चालायची, अन् आतून ती ऐकायची. सव्वीस वर्षं."



वासंती, मला लगेच आठवले पाठक आणि मुळे. शाळेतले माझे जुने सोबती, दिवाळीत फराळाला आलेले. तू चहा घेऊन आलीस. पाठकांनी तुझी तब्येत विचारली, आणि मी तुझ्यासमोर, इंग्रजीत, म्हणालो की घरात मी एक पिकासो ठेवलाय, एक डोळा सेनगावला बघतो आणि दुसरा औंढ्याला. ते दोघं हसले. मी जास्त हसलो. तू कप ठेवलेस, मुळ्यांना साखर आणखी लागते का विचारलंस आणि आत गेलीस. तिसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस.

हिला काय कळणार, कुठल्या परदेशी चित्रकाराचं आडनाव ते, अशी मी मनाची समजूत घातली होती. पण ते आडनाव कसं वापरतात हे पोरांना बैठकीत मीच शिकवायचो. त्याच्या चित्रांत चेहऱ्यावरचे डोळे-नाक भलतीकडेच असतात, म्हणून इंग्रजीत कुणाच्या तोंडाला पिकासो म्हटलं तर तो अपमान होतो, कधी म्हणू नका. दरवर्षी बजावलं. आत तू भाकरी थापत ऐकत असशील.

लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो. ते एकदाच तोंडातून निसटलेलं वाक्य नव्हतं. जे मराठीत बोलायची माझी हिंमत नव्हती, ते मी तीस वर्षं तुझ्यादेखत इंग्रजीत बोललो. तुझा दादा अडाणी आहे. मुलगा झाला नाही याचं वाईट वाटतं. आणि ऑगस्टपासून तर तुझ्याकडे बघून बोललोच नाही, जेवतानासुद्धा पेपर आडवा धरला. मला तुझ्या चेहऱ्याची लाज वाटत होती. झालं, लिहिलं एकदाचं.

आणि तू हे सगळं ऐकून परत जाऊन भाजीला फोडणी घालत होतीस. कशी राहिलीस ग?

शुक्रवारी पाठक आणि मुळ्यांना बोलावलं. चहा मी केला, गोडमिट्ट झाला. मराठीत सांगितलं, तिला त्या दिवशी सगळं कळलं होतं आणि मी नालायकपणा केला. पाठक म्हणाले, "जाऊ द्या हो सर, वहिनी काही मनावर घेणार नाहीत." घेतलंय, म्हटलं, आणि बराबर केलंय.

परत ये म्हणायला मला तोंड नाही. तू बोलावलंस तर पहिल्या एसटीनं येईन. ओट्यावर बसवलंस तर ओट्यावर बसेन, पण तुझ्या समोर बसेन, तुझ्याकडे बघून. नको म्हणालीस तर येणार नाही. फक्त दादांकडून निरोप नको, तुझ्या हातचं उत्तर पाहिजे. इतक्या वर्षांत तू मला एकदाही उलट उत्तर दिलं नाहीस. आता दे. इंग्रजीत लिही, वासंती. मनात साठलंय ते सगळं लिही, शिव्यासुद्धा. मी एकही चूक काढणार नाही.

तुझ्या उत्तराची आपली लायकी आहे का, हे माहीत नसलेला,
राधाकृष्ण