बोट सोडू नकोस

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (शाळेत मास्तरांनी बजावलं होतं, तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं, बाकी वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. पण आई गेल्यावर माझं नाक कोणी पुसलं हे मास्तरांना माहीत नव्हतं. कापायचे तर कापू देत मार्क.) इकडे सर्व क्षेम. तुझी भावजय ठीक, मी ठीक, फक्त जमीन अजून जराशी हलते. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? अक्षर मुद्दाम बोराएवढं काढलंय, म्हणजे तुझं तुला वाचता येईल, शेजारणीला बोलवावं लागणार नाही. (पुढे माझी अब्रू बरीच जाणार आहे, ती घरातल्या घरात गेलेली बरी.) त्यामुळे पत्र अकरा पानांचं झालंय, पण मजकूर तीन पानांचाच आहे, घाबरू नकोस.

मागच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदूने कडेची नजर गेलीच आहे, मधली आहे ती वर्ष, फार तर दीड वर्ष. तेव्हा मी म्हणालो होतो, ताई, आता तरी नदीतून बेटांपर्यंतची सफर करू. एकतीस वर्षं मी प्रवास कंपनीच्या मागच्या खोलीत, छापखान्याकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी बसून त्या सफरींची माहितीपत्रकं लिहिली आणि तू ती एकूण एक बिस्किटांच्या डब्यात जपलीस. (डबा मी पाहिलाय. कपाटावर, जुन्या गादीमागे. नदीच्या मुखाच्या चित्राभोवती पेन्सिलने गोल केलाय, तोही पाहिलाय.) त्यावर तू म्हणालीस, माझं आता काय बघायचं राहिलंय, आणि गेलेच तर मला धरायला कोण, तू तर बादलीत पाय घालतानाही दोनदा विचार करतोस. खरं होतं, म्हणूनच झोंबलं. तेवढ्यात कंपनीने निवृत्तीची भेट म्हणून मला त्याच सफरीवर पाठवलं. म्हटलं बरं झालं, आपणच जाऊन यावं आणि ताईला कळवावं की तिथे बघण्यासारखं काही नाही, म्हणजे तिच्या जिवाला रुखरुख नको.

तर कळवतो, तिथे बघण्यासारखं काही नाही.

पण निघायच्या दिवशी तू फोनवर जे म्हणालीस त्याने सगळा घोटाळा झाला, आणि त्याचं खापर मी तुझ्यावरच फोडणार आहे. तू म्हणालीस, "सांभाळून जा, आणि बोट सोडू नकोस." आता हे वाक्य मी चार वर्षांचा असल्यापासून ऐकतोय. घाटाच्या पायऱ्यांवर तुझं बोट माझ्या हातून सुटलं, मी घसरून गळ्यापर्यंत पाण्यात गेलो, तू केस धरून वर ओढलंस, आणि माझी नवी लाल टोपी डुलत डुलत निघून गेली. बाबांनी मार तुलाच दिला (टोपीबद्दल, मी वाचलो त्याची नोंद कुणी घेतली नाही). तू तेरा वर्षांची, गालावर पाच बोटं उमटलेली, आणि विचारलंस काय, तर ही नदी जाते कुठे? बाबा म्हणाले, समुद्राला. तू म्हणालीस, मग टोपी तिथे असेल, मी बघून येईन. याला छप्पन्न वर्षं झाली. तेव्हापासून मी पाण्यात पाय घातला नाही आणि रस्ता ओलांडतानासुद्धा तू ‘बोट सोडू नकोस’ म्हणायची थांबली नाहीस. पण या खेपेला मी खरोखरीच्या बोटीवर चाललो होतो, त्यामुळे मला वाटलं, तू बोटीबद्दलच बोलतेस. (मराठीत या वाक्याला लिंग नाही, तिथेच घात झाला.)

आणि मी तुझं ऐकलं. चढताना धक्क्यापासून बोटीपर्यंत जी फळी असते तिच्यावर मधोमध मी थिजलो. मागे तीसेक माणसं सामान घेऊन ताटकळलेली. शेवटी बोटीवरचा आचारी, हाताला कणीक लागलेली, येऊन मला पोत्यासारखा उचलून घेऊन गेला. आत पोचताच मी जीव वाचवायचं नारिंगी जाकीट चढवलं, ते जेवताना, झोपताना आणि दाढी करतानाही काढलं नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळी बोट मला ‘जाकीटकाका’ म्हणू लागली. बोट मला लागली नाही, हे मात्र छाती फुगवून सांगतो. बोटीलाच मी लागलो असेन. पहिलं बेट आलं, सगळे उतरले, मी नाही. दुसरं आलं, सगळे उतरले, मी वरच्या मजल्यावर खुर्चीला धरून बसलो. सफरवाल्या बाई विचारून थकल्या. मी म्हणालो, ताईने सांगितलंय. साठ वर्षांच्या माणसाने हे उत्तर दिल्यावर पुढे काही विचारता येत नाही.

तिसऱ्या बेटावर गणिताच्या बाईंनी मला उठवलं. या निवृत्त शिक्षिका, वय तुझ्याएवढं, दृष्टी सहा वर्षांपूर्वी पूर्ण गेलेली, भाचीबरोबर आलेल्या. त्या दिवशी भाची डोकं दुखतं म्हणून खोलीत झोपली आणि बाईंना न्यायला रिकामा माणूस मी एकटाच. मी तुझा निरोप सांगितला. त्या म्हणाल्या, तुमच्या ताईने तुम्हाला बघायला पाठवलंय की खुर्ची राखायला? मग माझ्या जाकिटाची बकलं त्यांच्या हाताला बोचली, म्हणून ते काढायला लावलं. मी ते खुर्चीच्या पाठीवर अडकवलं, वर टोपी ठेवली आणि फळी उतरलो. (डोळे मिटून. म्हणजे दोघंही आंधळेच उतरलो म्हण.)

खाली उतरल्यावर त्या म्हणाल्या, सांगा, काय दिसतंय? मी एकतीस वर्षांच्या अनुभवाने म्हणालो, नयनरम्य आहे. ताई, त्या जागच्या जागी थांबल्या. म्हणाल्या, "माझ्याकडे नयन नाहीत. रम्य काय ते सांगा." ‘निसर्गाचा अनमोल ठेवा’ म्हणून पाहिलं, त्या म्हणाल्या, पायऱ्या दाखवा, नुसतं उत्तर नको. मग मी नाइलाजाने बघायला लागलो. खारफुटीची मुळं पाण्यातून वर आलेली, सुया टोचून ठेवल्यासारखी. चिखलात नखाएवढे खेकडे, एक नांगी मोठी, एक छोटी. त्या विचारत गेल्या, मोठी डावी की उजवी, सगळ्यांची एकाच बाजूला का, किती पट मोठी. मी खाली वाकून खेकडे तपासत होतो, तेवढ्यात लांब कुठेतरी भोंगा वाजला. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची बोट असेल.

तिकडे बोटीवर माणसं मोजली. खुर्चीवर नारिंगी जाकीट आणि टोपी दिसली, म्हटलं काका आहेत, ते कुठे जातात! भाचीच्या खोलीचं दार बंद, म्हटलं बाई आत आहेत. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट हातभर दिसत होती, मग वीतभर, मग बोटाएवढी. लहानपणी बोट सुटलं होतं, आता बोट सुटली. मी मटकन पायरीवर बसलो. बाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "बोट द्या."

मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "बाई, बोट गेली हो."

"ती नव्हे," त्या म्हणाल्या, "ते."

मी माझं बोट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी घट्ट धरलं, पायरी चाचपली आणि माझ्याशेजारी बसल्या. ताई, मला तोवर वाटत होतं की बोट देणारा माणूस न घाबरणारा असावा लागतो. मी तर लटलट कापत होतो. त्यांना ते कळत होतं, पण त्यांनी सोडलं नाही. म्हणजे त्या दिवशी घाटावर तूही घाबरलेलीच असणार. तेरा वर्षांची पोर ती. छप्पन्न वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि आलं तेव्हा मला तिथेच रडू आलं. बाईंनी पदराचं टोक पुढे केलं आणि पुढचा प्रश्न विचारला, समोर पाणी कसं आहे?

समोर नदी संपत होती. पाण्यावर खरंच रेघ आहे, ताई. अलीकडे चहासारखं गढूळ पाणी, पलीकडे हिरवं, दोन्ही शेजारी शेजारी चालतात आणि बराच वेळ एकमेकांत शिरत नाहीत. मी सांगत गेलो, त्या ऐकत गेल्या. भाची जागी होऊन बोट परत यायला दीड तास लागला, आणि त्यातला पाऊण तास माझे दोन्ही पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते. घातले कधी ते मला कळलंच नाही. बोट आल्यावर आचाऱ्याने विचारलं, उचलू का? मी म्हणालो, नको, मला बाईंना न्यायचंय.

एवंच, सफर फजितीची झाली, तू आली नाहीस तेच बरं झालं. थेंब चुकवू नकोस. तुझी भावजय नमस्कार सांगते.

तुझा,
धाकटा

ता. क. कंपनीने पाठवलं हे खोटं. कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी माझा गेलो होतो, तुला नेता येईल का ते बघायला. फळी एकोणीस पावलांची आहे, दोन्ही बाजूंना दोर आहे. खालच्या मजल्यावरच्या चार नंबरच्या खोलीत न्हाणीघरात धरायला दांडी आहे. उंबरठा वीतभर उंच आहे, तिथे मी तीनदा ठेचकाळलो, तू जपून.

ता. क. दुसरा. बघण्यासारखं काही नाही हेही खोटं.

ता. क. तिसरा. चार नंबरची खोली पुढच्या महिन्याच्या सतरा तारखेला तुझ्या नावाने राखून ठेवलीय. तुझी भावजय तुझ्या खोलीत, मी शेजारच्या पाच नंबरमध्ये (जाकिटासह). डॉक्टरांना विचारलंय, ते म्हणाले, न्या, आणि लवकर न्या. जेवढं दिसेल तेवढं तू बघ. जे दिसणार नाही ते मी सांगेन, तेव्हा आणि नंतरही. आता मला येतं, नयनरम्य म्हणणार नाही. टोपी मी पुष्कळ शोधली, मिळाली नाही. तूच येऊन शोध.

ता. क. शेवटचा. माझी भीती गेलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फळीवर मी पुढे असेन, हात मागे करीन, आणि तो थरथरत असेल. तू बोट सोडू नकोस.