हिरवा उजेड आणि क्लोरोफॉर्मचा वास

मीरा रोड, बुधवार, १९९५

आज लॅबमध्ये आमचं प्लास्टिक उजळलं. वीज सोडली आणि नखाएवढ्या पातळ पापुद्र्यातून हिरवा उजेड आला. ह्याचसाठी किती महिने पॉलिमरच्या साखळीची रचना बदलत बसले होते! सर म्हणाले, "वैशाली, शाब्बास! आता रोज नवा थर बनवायचा." मी हसले.

कालच डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की मला दिवस गेलेत. आणि थर बनवायला पॉलिमर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवावं लागतं. तो वास अजून केसांना येतोय. दोनदा न्हाले तरी. बाळापर्यंत पोचला असेल का? सरांना सांगितलं तर काम दुसऱ्याकडे जाईल. नाही सांगितलं तर?

घरी हे सगळं सांगितल्यावर माझा नवरा सुनील पोळी लाटता लाटता थांबला. म्हणाला, "मलापण भीती वाटतेय गं. पण सांगून टाक."

जवळच्या सिल्व्हर पार्कच्या पीसीओ बूथवरून सरांच्या घरी फोन लावला. एका दमात सांगितलं. सर म्हणाले, "उद्या बोलू." एवढंच. आवाज रागाचा होता की काळजीचा?

फोन ठेवला आणि कालपासून पहिल्यांदाच पोटावर हात ठेवला.