एका दाराची ऊब

९ एप्रिल, रविवार
ठरलं! घर पाडायचं. वाळवीनं मधला खांब पार पोखरलाय. काल सासरेबुवांनी नुसती टिचकी मारली तर ओंजळभर भुसा पडला. त्याच जागेवर नवं घर. लाकडी, खास आपल्यासाठी आखलेलं, दोन पिढ्यांचं. खाली सासरेबुवा, वर मी आणि नात्सुए. आर्किटेक्टही ठरली. शिओमी बाई, नागोयाहून येणार.

मी भयंकर खुशीत आहे. कारण (हे फक्त इथेच लिहितो) या घरात मला माझं वेगळं दार मिळणार. मी घरजावई. लग्नात आडनावसुद्धा बायकोचंच घेतलं. त्याचं काही नाही. पण रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की बूट काढायच्या पायरीवर सासरेबुवा बसलेले. आलात? म्हणतात. बस, एवढंच. पण त्या 'आलात'मध्ये मी कुठे गेलो होतो, किती बिअर झाल्या, सगळं येतं.

संकल्प: वेगळं दार मिळवायचंच, तेही कुणाला न दुखावता. स्पष्ट बोलणं हे अडाण्यांचं काम. आपण सूचक बोलायचं.

२३ एप्रिल
पहिली मीटिंग. मी बाजी मारली.

शिओमी बाईंनी विचारलं, दाराबद्दल काही खास इच्छा? सासरेबुवा शेजारीच. मी शांतपणे म्हणालो, एका दारानं घराला ऊब असते म्हणतात, पण… आणि थांबलो. दातांतून हळूच श्वास ओढला. आमच्या किसोच्या खोऱ्यात 'पण'नंतर काही बोलावं लागत नाही. 'पण'नंतरचं सगळं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. बाईंनी मान डोलावली, लिहून घेतलं. झालं काम!

गाडीत नात्सुए म्हणाली, अहो, तुम्ही चक्क एक दार मागितलंत. मी नुसता हसलो. तिला शाळेत मुलांवर ओरडायची सवय. बारीक काम तिला कळत नाही.

७ मे
पहिला प्लॅन आला. एकच दार आहे.

सुरुवातीला धसका बसला. मग लक्षात आलं, बाई हुशार आहेत. आधी म्हाताऱ्याला खूश करायचं, दुसऱ्या प्लॅनमध्ये दार फोडायचं. सासरेबुवांनी चष्मा लावून प्लॅन बघितला आणि म्हणाले, वा, छान. एका दारानं घर एक राहतं, पण… आणि चहाचा घोट घेतला. फार वेळ कपातच बघत बसले. चहा गरम असावा.

२८ मे
डावपेच नंबर दोन. मीटिंगमध्ये मी सहज समोरच्या ओगिसोंच्या घराचा विषय काढला. म्हणालो, त्यांनी दोन पिढ्यांना दोन दारं केलीत. काय तो थाट! माझा आवाज अगदी कौतुकानं भिजला होता. बाई खाली वाकून म्हणाल्या, काळजी करू नका, तुमच्याकडे असला प्रकार मी होऊ देणार नाही.

नागोयाची माणसं. टोमणा आणि कौतुक यांतला फरक यांना कळेल तर शपथ.

१८ जून, सकाळ
दुसरा प्लॅन. एकच दार. आता ते दुप्पट रुंद आहे आणि आत बाक आहे. कशाला? तर म्हणे, बाबांना तुमची वाट बघत आरामात बसता यावं म्हणून.

पायरी टोचते म्हणून म्हातारा निदान अधूनमधून उठायचा तरी.

त्याच दिवशी, जेवणानंतर
शांतपणे विचार केला. बाक ही चांगली गोष्ट आहे. बाकावर बसलेल्या माणसाला डुलकी लागते. एकूण परिस्थिती माझ्या बाजूनं आहे.

२ जुलै
घात झाला.

सासरेबुवांची लाकडाची वखार होती. ती विकली तेव्हा किसोच्या सुरूची एक फळी त्यांनी विकली नव्हती. एकसंध, कुठे गाठ नाही, वास असा की छाती भरून येते. सासूबाईंना दाखवायला म्हणून ठेवली होती, त्या गेल्यावर कुणालाच दाखवली नाही. आज ती बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि म्हणाले, जावईबापू, शिओमी बाई सांगत होत्या, तुमचा एका दारावर फार जीव आहे. मग दार याचंच होऊ दे.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. मी इतका वाकलो की कपाळ फळीला टेकलं. आभार मानताना बहुधा 'हेच माझं स्वप्न' असंही काहीतरी बोललो.

नात्सुए ओट्यापाशी उभी राहून हसत होती. म्हणाली, बोला की आता! एरवी बेसबॉलच्या मॅचमध्ये गल्ली डोक्यावर घेता, आणि इथे मूग गिळून बसता. मी म्हणालो, तूच सांग ना तुझ्या बापाला. तर म्हणाली, दार कुणाला हवंय? मला की तुम्हाला? ज्याचं दुखतं त्यानंच कण्हावं.

ही बायको आहे की वैरीण!

१६ जुलै
आज सरळ सांगून टाकायचं ठरवलं. टबात गळ्यापर्यंत बसून तालीम केली. 'बाबा, मला वेगळं दार हवंय.' सोपं वाक्य आहे. टबात उत्तम जमलं.

सासरेबुवा अंगणात फळीला तेल लावत होते. मी शेजारी उकिडवा बसलो. त्यांनी विचारलं, काही बोलायचंय? मी म्हणालो, हवा छान आहे. ते म्हणाले, हो, हवा छान आहे. मग त्यांनीही तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले, उद्याही छान असेल.

आमच्यात आज एक प्रकारचा मोकळेपणा आला. ही सुरुवात आहे.

२७ ऑगस्ट
मला सुचलेली आजवरची सर्वांत भारी कल्पना: स्वयंपाकघराचं मागचं दार! भाजी आणायला म्हणून मागायचं, आणि संध्याकाळी भाजीबरोबर आपणही आत!

बाईंना फोन केला. त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, कमाल आहे, कालच बाबांचाही फोन आला होता, भाजीसाठी मागे दार हवं म्हणून. तुमची दोघांची मनं किती जुळतात! मी म्हटलं, तुम्हाला त्रास होणार असेल तर नको. त्या म्हणाल्या, त्रास कसला. मी म्हटलं, नको नको. त्या म्हणाल्या, बाबाही नको नकोच म्हणाले, मग राहू दे.

म्हाताऱ्याला एवढी भाजी कशाला लागते कळत नाही.

११ नोव्हेंबर, शनिवार
जुनं घर पाडून झालं, आज नव्याचं आढं चढलं. सुतारांनी सकाळपासून सांगाडा उभा केला, आणि घरमालक म्हणून मी वर चढून खाली जमलेल्या गल्लीवर रिवाजाप्रमाणे मोची, म्हणजे तांदळाच्या चिकट वड्या, उधळल्या. एक ओगिसोबाईंच्या कपाळावर बसली. केवढी मजा! असं वाटलं, हे गाव माझं आहे.

मग त्याच सांगाड्याखाली फळ्या मांडून जेवण. साके फिरली. आणि सासरेबुवा उठून उभे राहिले. कान लाल, पेला तिरका.

म्हणाले, मंडळी, आज खरं सांगतो. मला या घराला दोन दारं हवी होती. मला कराओकेचा नाद आहे. तिथे येणाऱ्या सुगावारा बाईंबरोबर मी जोडगाणी म्हणतो. पण जावई घरी आल्याशिवाय निघायचं कसं? मी रोज पायरीवर बसून वाट बघायचो, की हा कधी येतो, कधी वर जाऊन झोपतो आणि मी कधी सटकतो.

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. इतकी वर्षं तो माणूस मला पकडायला नाही, पळून जायला बसला होता!

पुढे म्हणाले, पण मी गप्प बसलो. का? तर या माझ्या जावयाला सासऱ्याबरोबर एकाच दारानं यायचंय. अहो, पोटचा मुलगा असं म्हणत नाही! आणि रडायलाच लागले. सुतार रडले. शिओमी बाई रडल्या. ओगिसोबाई कपाळ चोळत रडल्या.

तेवढ्यात मुख्य सुतार कुनिमोरी म्हणाला, अजून भिंती भरल्या नाहीत. पूर्वेला दुसरं दार सहज निघेल. सोमवारी फळ्या ठोकायच्या आधी सांगा, की झालं.

सासरेबुवांनी डोळे पुसले. म्हणाले, जावईबापू, मनात असेल ते सांगा. तुम्ही म्हणाल तसं.

नात्सुएनं टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की अजून काळंनिळं आहे. माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. पण त्या म्हाताऱ्याचा चेहरा! मलाही दोन हवीत म्हणणं म्हणजे तुमचं तोंड बघायला नको म्हणण्यासारखंच की. मी उठलो. सगळ्यांकडे बघितलं. आणि म्हणालो, एका दारानं घराला ऊब असते, बाबा, पण…

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की 'पण' कुणालाच ऐकू गेलं नाही.

१३ नोव्हेंबर, सोमवार
नात्सुए काल सकाळपासून बोलत नाही. आज शाळेला निघताना फक्त म्हणाली, कुनिमोरी आठ वाजता येतोय, दोघंही तोंडं उघडा, नाहीतर जन्मभर भोगा.

मी रजा टाकली. सांगायचंच असं ठरवून पावणेआठला जागेवर पोचलो. सासरेबुवा माझ्याआधीच येऊन पूर्वेच्या बाजूला उभे होते. कुनिमोरी आला. तोंडात खिळे धरून त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मी त्याच्यासाठी चहा आणला होता, तो दिला. सासरेबुवांनी बिस्किटं आणली होती, ती दिली.

मग त्यानं फळ्या ठोकायला घेतल्या. दुपारपर्यंत भिंत भरली. कशी झाली? म्हणून त्यानं विचारलं. फार छान, असं आम्ही दोघंही म्हणालो.